साक्ष आणि गोष्ट : ख्रिस्ती कंट्री संगीतातील कथागीते
(प्रस्तावना)

कंट्री संगीत हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील ग्रामीण आणि कष्टकरी वस्त्यांत घडलेला गानप्रकार असून त्याची ओळख सहसा फिडल, बँजो, गिटार आणि स्टील गिटार या वाद्यांवरून करून दिली जाते. तथापि या संगीताचे खरे लक्षण वाद्यांत नसून गोष्ट सांगण्याच्या ओढीत आहे. तीन-चार मिनिटांत एखादे माणूस उभे करायचे, त्याच्यावर प्रसंग आणायचा आणि शेवटच्या कडव्यात त्या प्रसंगाचा अर्थ पालटून तो ऐकणाऱ्याच्या हाती द्यायचा, ही या गाण्याची जुनी रीत आहे. पात्र, घटनाक्रम आणि कलाटणी असलेल्या अशा गाण्याला या पुस्तकात ‘कथागीत’ म्हटले आहे. ज्या कथागीतांच्या मुळाशी ख्रिस्ती श्रद्धा आहे त्यांचा, आणि अशी गाणी एकत्र गुंफून तयार होणाऱ्या अल्बमचा विचार करणे हा या पुस्तकाचा विषय आहे.

हा विषय समजून घेण्यासाठी ‘साक्ष’ हा शब्द प्रथम नीट पारखून घ्यावा लागतो. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतही तो नित्याच्या वापरातला आहे. उपासनेच्या वेळी एखादा सभासद उठून देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चारचौघांसमोर सांगतो, तेव्हा तो साक्ष देतो. साक्ष आणि उपदेश यांत मोठे अंतर आहे, कारण उपदेशकाला सिद्धान्त मांडायचा असतो आणि साक्ष देणाऱ्याजवळ फक्त घडलेली हकीकत असते. ती पटली तर पटली. ख्रिस्ती कंट्री कथागीत हे मूलतः साक्षीचे गाणे आहे, आणि ते जेव्हा आपली जागा सोडून उपदेशाच्या चौथऱ्यावर चढते तेव्हा ते गाणे म्हणून आणि बहुधा उपदेश म्हणूनही दुबळे होते, असे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे. घटनेवर ज्याचा विश्वास अधिक, त्याचे गाणे अधिक काळ टिकले, हे गेल्या शंभर वर्षांच्या ध्वनिमुद्रणांतून वारंवार दिसून येते.

या रीतीचा पहिला आदर्श बायबलमध्येच आहे. शुभवर्तमानांतील येशू सिद्धान्त क्वचित सांगतो. तो दाखले देतो, म्हणजे बी पेरणारा शेतकरी, हरवलेले मेंढरू, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा यांच्या छोट्या गोष्टी सांगतो आणि पुष्कळदा त्यांचा उलगडा न करता थांबतो. जुन्या करारातील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्टा दावीद राजासमोर उभा राहतो तो प्रसंग तर कथागीताच्या रचनेचा मूळ नमुनाच मानता येईल. राजाने परस्त्रीचा लोभ धरून तिच्या नवऱ्याला मरणाच्या तोंडी दिलेले असते; नाथान त्या पापाचे नाव घेत नाही, तर एका गरीब माणसाची एकुलती एक मेंढी श्रीमंत शेजाऱ्याने हिसकावली, एवढीच गोष्ट सांगतो, आणि राजा संतापून न्याय उच्चारतो तेव्हा तो न्याय राजावरच उलटवतो. ऐकणारा आधी परक्या माणसाच्या गोष्टीत गुंततो आणि मग ती आपलीच असल्याचे त्याच्या ध्यानात येते. कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलमधील गीतकार हीच वाट आजही चालतात, मग त्यांच्या मनात नाथान असो वा नसो.

दुसरे मूळ लौकिक आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधून अ‍ॅपलाचियन डोंगररांगांत येऊन वसलेल्या कुटुंबांनी आपल्याबरोबर बॅलड आणले. बॅलड म्हणजे खून, विश्वासघात, बुडालेली जहाजे आणि परतून आलेली भुते यांच्या गोष्टी सांगणारे, कडव्याकडव्याने पुढे जाणारे लोकगीत. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी ३०५ बॅलडे संकलित केली, आणि सेसिल शार्प यांनी मॉड कार्पेलिस यांच्यासह १९१६ ते १९१८ या काळात डोंगरातील घरोघरी फिरून त्यांतील कित्येक अजून गायली जात असल्याचे दाखवून दिले. बॅलडचा निवेदक भावना दाखवत नाही, घटनेवर भाष्य करत नाही. मुडदा पडतो आणि पुढचे कडवे सुरू होते. ही अलिप्तता पुढे कंट्री गायकाच्या गळ्यात उतरली. त्याच प्रदेशात १८०१ साली केंटकीतील केन रिज येथे भरलेल्या प्रचंड संजीवन सभेपासून उघड्या रानातील उपासनांची लाट उसळली होती आणि तिच्याबरोबर सोप्या चालीची, सहज पाठ होणारी भक्तिगीते पसरत होती. बॅलडची अलिप्तता आणि संजीवन सभेची तळमळ ही जोडी विजोड होती, आणि या विजोडपणातूनच पुढील गाण्याचा पीळ तयार झाला.

या दोन प्रवाहांना जोडणारा एक दुवा आयरा सँकी यांच्या कामात सापडतो. ड्वाइट मूडी या सुवार्तिकाबरोबर ब्रिटनचा दौरा करीत असताना सँकी यांनी १८७४ साली एडिंबरा येथील सभेत, वर्तमानपत्रातून कापून ठेवलेल्या एलिझाबेथ क्लेफेन यांच्या कवितेला जागच्या जागी चाल लावून ती गायली. कविता हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर होती. हे गीत स्तवन नव्हते, विनवणी नव्हती. रात्र, डोंगर आणि शोधायला निघालेला मेंढपाळ यांची ती सरळ गोष्ट होती, आणि उपासनेत गोष्ट गाता येते हे तिने हजारो श्रोत्यांना दाखवून दिले. अमेरिकेच्या दक्षिणेत अशी गॉस्पेल, म्हणजे सुवार्तेची, गीते छापील पुस्तिकांतून खेड्यापाड्यांत पोहोचली. टेनेसीतील लॉरेन्सबर्गचे प्रकाशक जेम्स डी. व्हॉन यांनी आपली पुस्तके खपावीत म्हणून १९१० साली चार गायकांचा फिरता संच बाहेर काढला, आणि पुढे ‘सदर्न गॉस्पेल’ या नावाने ओळखली जाणारी चौकडी-गायनाची शाखा त्यातून वाढली. ही शाखा कंट्रीची सख्खी शेजारीण असली तरी तिचा जीव सुरांच्या जुळणीत आहे, गोष्टीत नाही. म्हणून या पुस्तकात तिचा विचार आवश्यक तेवढाच केला आहे.

कंट्री संगीताच्या ध्वनिमुद्रित इतिहासातील निर्णायक क्षण म्हणून १९२७ सालचा उन्हाळा सहसा सांगितला जातो, जेव्हा व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावी यंत्रे घेऊन उतरले आणि सुमारे दोन आठवडे त्यांनी डोंगरातल्या गायकांना बोलावून घेतले. जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंब यांचा शोध तेथे लागला, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. त्या दोन आठवड्यांत मुद्रित झालेल्या गाण्यांचा मोठा भाग धार्मिक होता, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. कंट्रीमध्ये श्रद्धेचे गाणे नंतर येऊन मिसळले असे नाही, ते पहिल्या दिवसापासून घरचेच होते.

कार्टर कुटुंबाने १९३५ साली मुद्रित केलेले ‘कॅन द सर्कल बी अनब्रोकन’ हे गाणे या घडणीचा उत्तम पुरावा आहे. त्याचे मूळ १९०७ सालचे, एडा हॅबरशॉन यांनी लिहिलेले आणि चार्ल्स गेब्रियल यांनी स्वरबद्ध केलेले गॉस्पेल गीत आहे. त्यात स्वर्गात आप्तांची पुन्हा भेट होईल काय, हा प्रश्न सर्वसामान्य पातळीवर, कोणत्याही विशिष्ट घराचे नाव न घेता विचारला आहे. ए. पी. कार्टर यांनी ध्रुवपद जवळजवळ तसेच राखले आणि कडवी बदलून टाकली. आता खिडकीशी एक मूल उभे आहे, दिवस थंडीचा आणि मळभाचा आहे, आईला न्यायला शववाहिनी येते आहे, आणि ते मूल गाडी हाकणाऱ्याला ती सावकाश ने म्हणून विनवते. सिद्धान्ताचा एक शब्दही वाढवलेला नाही. तरीही त्याच ध्रुवपदातील आशा आता एका घराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहते आणि ऐकणाऱ्याचा गळा दाटतो. श्रद्धेचे सामान्य विधान एका ठिकाणी, एका वेळी, एका माणसावर आणून टेकवणे हे जे कथागीताचे काम, ते येथे इतक्या साध्या हाताने झाले आहे की त्यातील कसब चटकन दिसतही नाही.

या परंपरेचा इतिहास केवळ गोऱ्या शेतकऱ्यांचा आणि गिरणी कामगारांचा म्हणून लिहिणे अन्यायाचे ठरेल. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी विक्रीच्या सोयीसाठी काळ्या गायकांच्या आणि डोंगरी गोऱ्या गायकांच्या तबकड्या वेगवेगळ्या याद्यांत विभागल्या, पण गाणी त्या कुंपणाच्या आरपार जात राहिली. बँजोचे पूर्वज आफ्रिकेतून आले. ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला फिरत तेव्हा त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक असे, आणि कार्टर शब्द उतरवून घेत असताना चाली लक्षात ठेवण्याचे काम रिडल करीत. शिकागोचे काळे गीतकार टॉमस ए. डॉर्सी यांनी गायिका महालिया जॅक्सन यांच्यासाठी रचलेले ‘पीस इन द व्हॅली’ हे गीत १९५१ साली रेड फोली यांच्या आवाजात कंट्री श्रोत्यांच्या घराघरांत पोहोचले. गाण्याला जे मिळाले ते गाणाऱ्याला किती मिळाले, हा प्रश्न या पुस्तकात ठिकठिकाणी उपस्थित केला आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही.

ख्रिस्ती कंट्री कथागीताची एक आवडती जागा म्हणजे हमरस्ता. नॉर्थ कॅरोलायनातील रॉकिंगहॅमजवळ कापडगिरणीत राबणारे डॉर्सी डिक्सन यांनी १९३८ साली आपल्या भावाबरोबर रस्त्यावरील अपघाताचे एक गाणे मुद्रित केले, जे पुढे रॉय एकफ यांच्या १९४२ सालच्या मुद्रणामुळे ‘रेक ऑन द हायवे’ या नावाने सर्वतोमुखी झाले. फुटलेल्या काचा, रक्तात मिसळलेली व्हिस्की आणि विव्हळणारी माणसे दिसतात. निवेदकाला खटकते ते एवढेच, की या आकान्तात कोणी प्रार्थना करताना त्याला ऐकू आले नाही. तो दोष देत नाही, नरकाची भीती घालत नाही. जे कानावर पडायला हवे होते ते पडले नाही, इतकेच तो पुनःपुन्हा सांगतो. त्यानंतर ६७ वर्षांनी, २००५ साली, कॅरी अंडरवुड यांच्या ‘जीजस, टेक द व्हील’ या गाण्यात नाताळच्या आदल्या रात्री तान्ह्या मुलाला घेऊन निघालेल्या बाईची मोटार बर्फावरून घसरते आणि ती सुकाणू सोडून देवाला हाक मारते. म्हणजे पहिल्या गाण्यात जी प्रार्थना कोणी केली नाही, तीच येथे गाण्याचा कणा झाली आहे. दोन्ही गाण्यांच्या मध्ये मोटारी बदलल्या, रस्ते बदलले, गिरण्या बंद पडल्या. क्षणात आयुष्य पालटून टाकणारी जागा म्हणून रस्ता मात्र कायम राहिला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हे गाणे तीन वेगळ्या स्वभावांत विभागलेले दिसते. हँक विल्यम्स शनिवारच्या रात्रीची आणि रविवारच्या सकाळची गाणी एकाच आवाजात गात, पण नीतिकथांची बोलून सांगितलेली मुद्रणे त्यांनी १९५० पासून ‘ल्यूक द ड्रिफ्टर’ या टोपणनावाने काढली, कारण दारूच्या गुत्त्यांतील ज्यूकबॉक्ससाठी, म्हणजे नाणे टाकून तबकडी वाजवण्याच्या यंत्रासाठी, हँक यांचे नाव पाहूनच माल उचलणाऱ्या विक्रेत्यांच्या हाती प्रवचन पडणे परवडणारे नव्हते. लूव्हिन बंधूंनी १९५९ सालच्या ‘सेटन इज रिअल’ या अल्बममध्ये पाप आणि पश्चात्ताप यांचा संघर्ष अत्यंत कडक, भेदक जुळ्या सुरांत मांडला. जॉनी कॅश यांचा स्वभाव तिसरा. सन कंपनीचे सॅम फिलिप्स गॉस्पेल अल्बम काढू देईनात, हे कॅश यांनी ती कंपनी सोडण्यामागचे एक कारण होते; कोलंबिया कंपनीकडे गेल्यावर १९५९ साली त्यांनी भक्तिगीतांचा अल्बम काढला आणि १९७३ साली ‘द गॉस्पेल रोड’ या चित्रपटातून आणि त्याच्या दुहेरी अल्बममधून येशूचे सबंध चरित्र निवेदन आणि गाणी यांच्या आधारे सांगितले. एकाने श्रद्धा आणि दुराचार वेगवेगळ्या नावांखाली ठेवले, दुसऱ्यांनी त्यांची समोरासमोर लढाई लावली, आणि कॅश यांनी ते दोन्ही एकाच माणसात नांदतात हे उघडपणे मान्य केले. आजच्या गाण्यावर सर्वांत खोल छाप तिसऱ्या वृत्तीची आहे.

अल्बम ही रचना म्हणून या कथेत उशिरा येते. कंट्रीचा बाजार दीर्घकाळ सुट्या तबकडीवर चालत होता आणि अल्बम म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि भरताड, असा व्यवहार होता. विली नेल्सन यांनी १९७१ साली ‘यस्टरडेज वाइन’ या अल्बममध्ये एका अपूर्ण, चुकणाऱ्या माणसाचे जन्मापासून मरणापर्यंतचे आयुष्य देवाशी चाललेल्या संवादाच्या चौकटीत क्रमाने मांडले, तेव्हा तो फारसा खपला नाही. चार वर्षांनी आलेल्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’मध्ये बायकोचा आणि तिच्या प्रियकराचा खून करून रानोमाळ भटकणाऱ्या उपदेशकाची गोष्ट मोजक्या वाद्यांवर सांगितली गेली, आणि कंट्री श्रोता अथपासून इतिपर्यंत एक गोष्ट ऐकू शकतो हे सिद्ध झाले. कथागीतांचा अल्बम मात्र नेहमी अशी एकच सलग कथा सांगतो असे नाही. अधिक वेळा तो वेगवेगळ्या माणसांच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो, जेणेकरून एका गाण्यातील उजेड दुसऱ्यावर पडावा.

दरम्यान साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील तरुणांच्या धर्मचळवळीतून, रॉक संगीताची भाषा घेऊन, एक नवा प्रवाह सुरू झाला. त्याला ‘समकालीन ख्रिस्ती संगीत’ असे नाव मिळाले आणि काही वर्षांत त्याची स्वतःची रेडिओ केंद्रे, दुकाने, नियतकालिके आणि १९६९ पासून सुरू असलेले डव्ह पुरस्कार अशी स्वतंत्र पेठ उभी राहिली. या पेठेतील वर्ड या कंपनीचा उगम टेक्सासमधील वेको येथे १९५१ साली झाला, आणि लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की जॅरेल मॅक्रॅकन यांनी काढलेली तिची पहिली तबकडी गाण्याची नव्हतीच. सत् आणि असत् यांच्यातील फुटबॉल सामन्याचे धावते वर्णन असे रूप दिलेली ती एक रूपककथा होती. पुढे हीच पेठ गोष्टीपासून दूर गेली. नव्वदच्या दशकापासून तिच्यावर सामूहिक स्तुतिगीतांचा पगडा बसला, ज्यांत गाणारा देवाला थेट संबोधतो आणि पात्र, गाव, प्रसंग यांना वाव उरत नाही. दुसरीकडे कंट्री रेडिओला येशूचे नाव ओझरते चालत होते, ठळक नको होते. कथागीत या दोन केंद्रांच्या मधल्या पट्ट्यात अडकले.

या कोंडीतून वाट काढणारा अल्बम म्हणून प्रस्तुत पुस्तकाने रँडी ट्रॅव्हिस यांचा ‘राइज अँड शाइन’ मध्यवर्ती उदाहरण म्हणून घेतला आहे. नॉर्थ कॅरोलायनातील मार्शव्हिल येथे १९५९ साली जन्मलेले ट्रॅव्हिस यांनी १९८६ सालच्या ‘स्टॉर्म्स ऑफ लाइफ’ने कंट्रीला तिच्या जुन्या, अनलंकृत वळणाकडे परत आणले होते. दीड दशकानंतर त्यांची व्यावसायिक भरती ओसरली असताना ते गॉस्पेलकडे वळले, आणि २००२ साली काइल लेनिंग यांच्या निर्मितीत वर्ड कंपनीकडून हा अल्बम आला. त्यातील ‘थ्री वुडन क्रॉसेस’ हे डग जॉन्सन आणि किम विल्यम्स यांचे गाणे २००३ च्या मे महिन्यात कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट गीत ठरवले, आणि पुढील वर्षी अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

या गाण्याची बांधणी जवळून पाहण्याजोगी आहे. मध्यरात्री मेक्सिकोकडे निघालेल्या बसमध्ये एक शेतकरी, एक शिक्षिका, एक धर्मोपदेशक आणि एक वेश्या असे चार प्रवासी आहेत. बस आणि मालमोटार यांची धडक होते, आणि ध्रुवपदात सांगितले जाते की रस्त्याच्या कडेला लाकडी क्रूस आहेत ते तीन. चौघांपैकी कोण वाचले, हे कोडे ध्रुवपद घालते आणि उत्तर देत नाही. शेतकऱ्याने मागे ऐंशी एकर जमीन आणि मुलाच्या मनात मातीची ओढ ठेवली, शिक्षिकेने मुलांच्या डोक्यात ज्ञान ठेवले, इतके सांगून गाणे रक्ताने माखलेल्या बायबलावर येते, जे मरणाऱ्या उपदेशकाने शेजारी पडलेल्या बाईच्या हातात दिले आहे. मग कळते की हे सारे गेल्या रविवारी मंडळीत एका पाळकाने सांगितलेले आहे, ते बायबल त्याच्याच हातात आहे, आणि तो त्या बाईचा मुलगा आहे. इतका वेळ जी गोष्ट वाटत होती ते प्रत्यक्षात प्रवचन होते, आणि ते प्रवचनही वस्तुतः एका मुलाने आईविषयी दिलेली साक्ष होती. गाणारा तर केवळ बाकावर बसून ते ऐकणारा एक श्रोता आहे. उपदेश गोष्टीच्या पोटात इतका खोल दडवला आहे की तो हाती लागेपर्यंत ऐकणारा त्याच्या बाजूचा झालेला असतो. तीन हा आकडा कालवरीच्या टेकडीवरील तीन वधस्तंभांची आठवण देतो, पण गाणे तसे म्हणत नाही, आणि ते म्हणत नाही यातच त्याची परिपक्वता आहे.

अल्बमची खुबी या एका गाण्यात संपत नाही. ‘रेज हिम अप’मध्ये दुसऱ्याच्या मुलाला आपले म्हणून वाढवणारा बाप आहे आणि त्याच्याशेजारी येशूला वाढवणारा योसेफ उभा केला आहे, ‘प्रे फॉर द फिश’मध्ये गावातल्या अट्टल पाप्याचा नदीत बाप्तिस्मा होतो, तेव्हा त्याची पापे ज्या पाण्यात उतरणार त्या पाण्यातील माशांसाठी प्रार्थना करा, असे मोठ्या मायेने आणि हसत सांगितले आहे. वेश्येच्या गोष्टीनंतर हा पापी ऐकताना कृपेचा अर्थ रुंदावतो. ट्रॅव्हिस यांचा खर्जातला, हेल न काढणारा आवाज कोणत्याही पात्राची बाजू घेत नाही, आणि बॅलड गाणाऱ्यांची जुनी अलिप्तता येथे पुन्हा कामी आली आहे. २०१३ साली पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची वाचा आणि गाणे जवळजवळ हिरावून घेतले. २०१६ साली कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला तेव्हा ते ‘अमेझिंग ग्रेस’ गायला उभे राहिले. या मुद्रणांकडे परत जाताना ही गोष्ट विसरता येत नाही.

तरीही या गाण्यांतील उणिवा झाकून चालणार नाही. ‘थ्री वुडन क्रॉसेस’मधील बाईला नाव नाही, आणि अपघातानंतर ती कशी जगली याविषयी एक कडवेही नाही, तिचे उद्धरण तिच्या मुलाच्या पेशावरून सिद्ध होते. पतित स्त्री, मरणशय्येवरची आई, शेवटच्या क्षणी शुद्धीवर येणारा दारुडा ही पात्रे इतकी वापरून झाली आहेत की पुष्कळ गाण्यांत ती माणसे न राहता खुणा झाल्या आहेत. याउलट डॉली पार्टन यांच्या १९७१ सालच्या ‘कोट ऑफ मेनी कलर्स’मधील आई चिंध्यांचा कोट शिवताना जुन्या करारातील योसेफाच्या रंगीत झग्याची गोष्ट सांगते, आणि शाळेत मुले हसतात तेव्हाही त्या मुलीची श्रीमंती ढळत नाही, येथे बायबल, गरिबी आणि आईचे बोट तिन्ही खरी आहेत, म्हणून पाणावलेल्या डोळ्यांसाठी गाण्याला वेगळा खटाटोप करावा लागत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. २००१ सालच्या दहशतवादी हल्ल्यांनंतरच्या अमेरिकेत कंट्री, राष्ट्रध्वज आणि क्रूस यांची अशी मोळी बांधली गेली की काही गाण्यांत देवाची साक्ष कोठे संपते आणि देशाची बढाई कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. अशा गाण्यांचा उल्लेख पुस्तकात आला आहे, त्यांचा गौरव मात्र केलेला नाही.

आज या विषयाकडे वळण्याचे कारण असे की कंट्री आणि समकालीन ख्रिस्ती संगीत यांच्यातील भिंत पातळ होत चालली आहे. डॉली पार्टन यांनी २०१९ साली झॅक विल्यम्स या ख्रिस्ती गायकाबरोबर गायलेले ‘देअर वॉज जीजस’ दोन्हीकडे ऐकले गेले. अ‍ॅन विल्सन यांचा २०२४ सालचा ‘रेबेल’ हा अल्बम कंट्रीची वाद्ये आणि साक्षीची भाषा सरळ एकत्र घेतो. व्यसन आणि तुरुंग यांतून आलेले जेली रोल हे कंट्री गायक स्तुतिगीते गाणाऱ्या ब्रँडन लेक यांच्याबरोबर उपासनागीत गातात. श्रोता आता रेडिओ केंद्राच्या वर्गवारीवर अवलंबून नाही, हे त्याचे एक कारण. त्याच साधनांनी अल्बमचे मात्र नुकसान केले आहे, कारण गाणे सुटे ऐकले जाते आणि शेजाऱ्याचा उजेड त्याच्यावर पडत नाही. म्हणूनच अल्बम एका बैठकीत, क्रमाने ऐकण्याचा आग्रह या पुस्तकात सतत धरलेला आढळेल.

मराठी वाचकाला हा प्रांत वाटतो तितका परका नाही. मुंबई, वसई आणि गोवा येथील ख्रिस्ती घरांत जिम रीव्ह्ज यांचा संथ आवाज दोन-तीन पिढ्यांना नाताळच्या दिवसांत सोबत करीत आला आहे, आणि कंट्री गॉस्पेलशी पुष्कळांची पहिली ओळख त्या आवाजातून झाली. त्याहून जुना संबंध गोष्टीचा आहे. फादर स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचले. पुढे अहमदनगर परिसरात अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तन रुजले आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी त्याला काव्याची उंची दिली. अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांनी भाषांतरित भक्तिगीते आणली, पण लोकांनी शुभवर्तमान ऐकले ते आख्यानातून, टाळ-मृदंगावर. पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात कथा ही कीर्तनाची विभागणी ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याला नॅशव्हिलचे गाणे काय करते हे पटकन उमगेल. ते पूर्वरंग गाळते आणि उत्तररंगावर विसंबून राहते. हे साम्य मात्र येथेच थांबते. कीर्तनकार सर्वांना ठाऊक असलेली कथा सांगतो, कंट्री गायक काल घडलेली सांगतो, आणि या फरकाचे परिणाम दोन्ही परंपरांत दूरवर गेले आहेत.

पुस्तकाची मांडणी कालक्रमाला धरून असली तरी तो या संगीताचा समग्र इतिहास नाही. ब्लूग्रास या वेगवान तंतुवाद्यांच्या आणि उंच स्वरांच्या प्रकारातील गॉस्पेल येथे थोडक्यात आले आहे, कारण त्याला स्वतंत्र ग्रंथ लागेल. गाण्यांचे शब्द उद्धृत न करता त्यांची कथा आणि रचना मराठीत सांगण्याची पद्धत ठेवली आहे, आणि वाचकाने आधी गाणे ऐकावे, मग त्यावरील विवेचन वाचावे, अशी अपेक्षा आहे. धार्मिक संज्ञांसाठी मराठी बायबलातील आणि मंडळ्यांतील रूढ शब्द वापरले आहेत: तारण, कृपा, पाळक, शोमरोनी. काही ठिकाणी भाषांतर हरते, तेही नमूद करणे आवश्यक आहे. ‘रेज हिम अप’ या शीर्षकातील इंग्रजी क्रियापद मुलाला लहानाचे मोठे करणे आणि मेलेल्याला उठवणे हे दोन्ही अर्थ एकाच वेळी धरून ठेवते, आणि सावत्र बापाची गोष्ट पुनरुत्थानापर्यंत नेणारे ते सबंध गाणे त्या एका शब्दावर तोललेले आहे. मराठीत मूल वाढवावे लागते आणि मेलेल्याला उठवावे लागते. त्या गाण्याच्या विवेचनात दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि त्यांच्यामधली फट तशीच राहू दिली आहे.